विदर्भातल्या बोली आणि दहा हजारांची चाळणी

वऱ्हाडी बोलीचा विषय निघाला की अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आणि महानुभाव पंथाचं जुनं मराठी वाङ्मय यांपासून सुरुवात होते. तो इतिहास वाचकांना पाठ आहे. बोलींकडे बघायची आजची पद्धत मात्र इंग्रजी अमदानीत आणि त्याहून जास्त १९६१ नंतर पडली.

१९०५ साली निघालेल्या सरकारी भाषा-सर्वेक्षणाच्या मराठी खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी अशा दोन बोली मांडल्या गेल्या. दोन्हींत फारसा फरक नाही, हेही त्याच खंडात लिहिलेलं आहे. वर्धा नदीच्या एका अंगाला निजामाकडून आलेला वऱ्हाडचा मुलूख, दुसऱ्या अंगाला भोसल्यांचा नागपूरचा. नावं पडली ती या हद्दीवरून. 'मले', 'तुले', 'काहून' दोन्हीकडे सारखंच चालतं.

खरा वाद पुढचा आहे. १९६१ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची यादी १,६५२ नावांवर गेली. १९७१ पासून मात्र देशभरात दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे छापणं बंद झालं. कारभाराच्या दृष्टीनं यात सोय आहे, हे मान्य करायला हरकत नाही. पण या चाळणीतून विदर्भातली सगळ्यात विलक्षण भाषाच खाली गळली. बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला काही हजार लोक निहाली बोलतात. तिला आधी कोरकूची, म्हणजे मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेचीच पोटबोली समजत. पुढे अभ्यासकांनी तिला कोणत्याच भाषाकुळात न बसणारी भाषा ठरवलं. कोरकू बोलणारे लाखांत असल्यानं कोरकू छापली जाते, निहाली 'इतर' मध्ये जाते. नुसत्या संख्येनं भाषेचं मोल ठरवायचं, हा हिशेब कापसाच्या खरेदीला ठीक.

निहालीतले आकडेच बघा. दोनला 'इरार', चारला 'नालो': हे द्रविड वळणाचे. पाचापासून पुढं मराठी-हिंदीच्या घरातले. एकूण शब्दांत कोरकूची भर मोठी. हे कोणी बसून ठरवलेलं नाही. पिढ्यानपिढ्या बाजारात, मजुरीवर, सोयरिकीत जे बोलणं झालं, त्यातून ते साचत गेलं. भाषा ही अशा असंख्य छोट्या व्यवहारांतून स्वतःच घडत, बदलत जाणारी गुंतागुंतीची व्यवस्था आहे, अशी मांडणी काही भाषाशास्त्रज्ञांनी मिळून २००९ मध्ये केली. मेळघाटातल्या माणसाला त्यात नवीन काही वाटू नये.

मराठीही यातून सुटलेली नाही. 'आम्ही जातो' म्हटलं की ऐकणारा वगळला, 'आपन जाऊ' म्हटलं की तोही सोबत आला. हा भेद गोंडी-कोलामीच्या द्रविड कुळात आहे, कोरकूतही आहे. मराठीत तो द्रविड शेजारातून रुजला, असं बरेच अभ्यासक मानतात.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या चर्चेत रिद्धपूर पुन्हा पुढं आलं, हे शेजार मात्र मागंच राहिले. २०११ च्या जनगणनेच्या अर्जात मातृभाषेचा एक रकाना होता आणि येत असलेल्या आणखी दोन भाषांची सोय होती. घरी कोरकू, धारणीच्या बाजारात हिंदी, अमरावतीला मजुरीवर वऱ्हाडी आणि पोराच्या शाळेत पुस्तकी मराठी, असं ज्याचं रोजचं आहे त्याची चौथी भाषा त्या अर्जात मावत नव्हती. कोणती कोणाशी बोलता, हे तर कोणी विचारलंच नव्हतं.