हिडकलमध्ये घागरी किती?

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या हुक्केरी तालुक्यात सकाळी पेपर हातात आला की आधी धरणांचा चौकोन वाचायचा. आवक किती, विसर्ग किती, साठा किती. असाच एकदा मोठ्यानं वाचत होतो, "हिडकलची क्षमता ५१ टीएमसी." आज्जी तांदूळ निवडत होती. सुपातली नजर न काढता म्हणाली, "म्हंजे किती घागरी रं?"

आता आली पंचाईत. टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, हजार गुणिले दशलक्ष घनफूट, म्हणजे सरळ एक अब्ज घनफूट. 'बिलियन' म्हटलं तर घोळ होतो. ब्रिटनच्या सरकारी कारभारात १९७४ पर्यंत बिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं, अमेरिकेत मात्र नऊ. 'हजार दशलक्ष' म्हटलं की वाद उरत नाही.

एका घनफुटात साधारण २८.३१६८ लिटर पाणी मावतं. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार मारला तर पडद्यावर नुसता 'ई'. जागा संपली म्हणून यंत्रानं हात वर केले होते. मग मोबाइलवर केला, तर उत्तर आलं १.४४४१५६८ई१२. इथेही 'ई'च! पण या 'ई'चा अर्थ वेगळा : आधीच्या आकड्याला १० च्या १२ व्या घातानं गुणा. म्हणजे दशांशचिन्ह बारा घरं उजवीकडे सरकवा. १ लाख ४४ हजार कोटी लिटर.

शास्त्रज्ञ मोठी संख्या अशीच दोन तुकड्यांत लिहितात. पुढचा तुकडा १ ते १० मधला, मागचा १० चा घात. ५१ अब्ज म्हणजे ५.१ गुणिले १० चा १० वा घात. पुढच्या तुकड्यात ५.१ च्या जागी ५.२ झालं तर फार बिघडत नाही. बाजारात ५१ च्या जागी ५२ रुपये गेले, एवढंच. पण घात एकानं चुकला की ५१ चे ५१० झाले. म्हणून मोठी संख्या समोर आली की मी आधी घात बघतो, बाकीचं नंतर.

याचा दुसरा फायदा म्हणजे कॅल्क्युलेटर लागतच नाही. पेपरच्या कडेला पेन्सिलीनं जमतं. गुणताना घातांची बेरीज, भागताना वजाबाकी. घागर १५ लिटरची धरू, म्हणजे १.५ गुणिले १०. आता १.४४ भागिले १.५ म्हणजे ०.९६, आणि बारातून एक गेला, उरला ११ वा घात. म्हणजे ९६ अब्ज, आपल्या भाषेत ९,६०० कोटी घागरी.

आपल्या भाषेत म्हटलं, पण इथे भाषा दोन. मराठीत आपण 'एक्कावन्न' म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग पन्नास. शेजारचा कन्नड माणूस 'ऐवत्तोंदु' म्हणतो, आधी पन्नास आणि मग एक. लिहिताना मात्र दोघंही पाच आधी काढतात. बोलण्याचा क्रम काहीही असो, अंकाची किंमत त्याच्या घरावर ठरते. स्वल्पविरामांचंही तेच. ५१,००,००,००,००० आणि ५१,०००,०००,००० ही एकच संख्या, एक लाख-कोटीच्या चालीनं आणि दुसरी मिलियनच्या चालीनं.

या घरांना नावं देण्यात आपले लोक दांडगे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत एक, दश, शत असं चढत परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत नावं आहेत. त्यांतलं 'अब्ज' म्हणजे बरोबर आपल्या टीएमसीतलं, नऊ शून्यांचं. (भास्कराचार्यांचं गाव विजापूरच, असं काही म्हणतात, काही जण चाळीसगावजवळचं पाटण सांगतात. सीमावाद त्यांनाही चुकलेला नाही.) पण नावं कुठेतरी संपतात. अठरा ग्रॅम पाण्यातल्या रेणूंची संख्या ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात, परार्धाच्या पार पलीकडे. तिथे घातच कामाला येतो.

पेपरमधला क्युसेकही याच हिशेबात बसतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणातून १ लाख क्युसेकनं पाणी सोडलं तर दिवसाला ८.६४ अब्ज घनफूट, म्हणजे ८.६४ टीएमसी जातं. तिथला पूर्ण साठा १२३ टीएमसी. वरून थेंबही आला नाही तरी तो रिकामा व्हायला चौदा दिवस लागतील. कृष्णाकाठी पूर चढलेला असताना हे गणित ज्याला येतं, त्याला विसर्गाचा आकडा वाचून गप्प बसवत नाही.

आज्जीला सांगितलं, "नऊ हजार सहाशे कोटी घागरी." तिनं सूप खाली ठेवलं.

"मग आमच्या नळाला चार दिसातनं एकदाच का सोडत्यात?"