काँटेक्स्च्युअल इन्क्वायरी की एथ्नोग्राफी? फरक कंट्रोल रूममध्ये कळतो

सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रस्तावात ‘एथ्नोग्राफी: 2 दिवस’ अशी ओळ दिसली, तर लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा काँटेक्स्च्युअल इन्क्वायरी असते. घोटाळा साहजिक आहे. दोन्हींत आपण काम चालतं तिथे जातो, बघतो, टिपणं काढतो. पण इन्क्वायरीत काम मध्येच थांबवून विचारायचं असतं आणि एथ्नोग्राफीत, म्हणजे लोकांमध्ये बराच काळ राहून त्यांचं काम बघण्यात, शक्यतो थांबवायचंच नसतं. चारचौघांनी मिळून करायच्या कामासाठी प्रणाली बांधायची असली, की हाच फरक महागात पडतो.

काँटेक्स्च्युअल इन्क्वायरी रूढ केली कॅरेन होल्ट्झब्लाट आणि ह्यू बेयर यांनी. एका माणसाशेजारी साधारण दोन तास बसायचं. तो उस्ताद, आपण शिकाऊ. तो आपलं खरं काम करत राहतो. ‘हा आकडा वहीत वेगळा का उतरवलात?’ असं तिथल्या तिथे विचारायचं, आपण लावलेला अर्थ बोलून दाखवायचा आणि त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचा. 48 तासांच्या आत टीमने बसून टिपणं उलगडायची आणि चिठ्ठ्या भिंतीवर लावून त्यांचे गट पाडायचे. यात हमखास होणारी चूक म्हणजे माणूस ‘आम्ही साधारणपणे असं करतो’ म्हणत सारांश सांगायला लागतो आणि आपण तो उतरवून घेतो. तिथे त्याला अडवून ‘शेवटचं असं काम कधी केलंत, ते उघडून दाखवा’ म्हणायचं.

आता हीच पद्धत घेऊन लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू मार्गाच्या कंट्रोल रूममध्ये जा. ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ या संशोधकांनी तिथल्या कामाचा अभ्यास 1992 साली मांडला. लाइन कंट्रोलर, म्हणजे मार्गावरच्या गाड्या सांभाळणारा माणूस, फोनवर मोटरमनशी बोलत असतो. शेजारी प्रवाशांसाठी घोषणा करणारा सहायक बसलेला असतो. कंट्रोलर त्याला काही सांगत नाही. सहायक अर्धवट संभाषण ऐकतो, भिंतीवरच्या मार्गाच्या नकाशाकडे नजर टाकतो आणि घोषणा सुरू करतो. कंट्रोलरही वेळापत्रकात बदल करताना स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्याने बोलतो. ते शेजाऱ्यासाठी असतं. या सहायकाला दोन तास मुलाखतीत गुंतवलं, तर त्याचा शेजाऱ्याकडे लागलेला कान तुटतो. आपण जे बघायला आलो तेच आपण बंद पाडतो. शिवाय ‘घोषणा कधी करायची हे कसं कळतं?’ या प्रश्नाला ‘कंट्रोलर निर्णय घेतो, मग मी सांगतो’ असं पुस्तकी उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त. ते खोटं नसतं, पण त्यावरून बांधलेल्या प्रणालीत दोघांना दोन खोल्यांत बसवून मध्ये मेसेजिंग दिलं तरी चालेल असं वाटतं.

दुसरं उदाहरण लंडनजवळच्या वेस्ट ड्रेटनच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचं. तिथे लँकेस्टर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ एथ्नोग्राफीसाठी कंट्रोलरांच्या मागे बसले होते. प्रत्येक विमानाची कागदी पट्टी, म्हणजे फ्लाइट स्ट्रिप, तिच्यावर विमानाची खूण, उंची, मार्ग आणि अंदाजे वेळ. या पट्ट्या रॅकमध्ये वेळेच्या क्रमाने लावल्या जात, आणि एखाद्या विमानाकडे लक्ष द्यायचं असेल तर त्याची पट्टी किंचित तिरकी बाहेर ओढून ठेवली जाई. प्रोग्रामरला पहिली सुधारणा काय सुचेल? पट्ट्या आपोआप क्रमाने लागाव्यात. पण पट्टी हाताने जागेवर ठेवतानाच कंट्रोलर आजूबाजूच्या पट्ट्या वाचतो आणि संभाव्य अडचण त्याच क्षणी हेरतो. मशीनने क्रम लावला, तर हे वाचणं सुटतं. कितीही चांगल्या मुलाखतीत ‘मी पट्टी सरकवतो तेव्हा विचार करतो’ असं कोणी आपणहून सांगत नाही, कारण त्याला ते काम वाटतच नाही.

म्हणून एथ्नोग्राफी आठवडे, कधी महिने खाते. आधीचे काही दिवस तर परवानग्या, शिफ्ट आणि तिथली भाषा समजण्यातच जातात. बसण्याची जागा अशी हवी, जिथून किमान दोन माणसं आणि त्यांच्यामधली सामायिक वस्तू दिसेल. रात्रपाळी आणि पाळीबदल चुकवू नयेत. काम हातातून हातात कसं जातं ते पाळीबदलातच उघडं पडतं. पूर्ण टिपण त्याच दिवशी लिहून काढायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आठवतो तो सारांश. प्रश्न विचारायचे ते चहाच्या सुट्टीत.

एथ्नोग्राफीचा दोषही मोठा आहे. नोंदींचा ढीग होतो आणि प्रोग्रामर विचारतो, ‘मग बटण कुठे ठेवू?’ नोंदी त्याचं उत्तर देत नाहीत. लँकेस्टरकरांनी यावर काढलेला मार्ग असा: संशोधक काही काळ फील्डवर, मग डिझायनरांसोबत उलटतपासणी, त्यातून निघालेले प्रश्न आणि प्रोटोटाइप घेऊन पुन्हा फील्डवर. वेळच नसेल, तर थोडक्यात उरकलेली छोटी एथ्नोग्राफीही त्यांनी मान्य केली, पण ती मोठ्या चुका टाळण्यापुरती.

एक माणूस आणि एक स्क्रीन असेल, उदाहरणार्थ विमा अर्ज तपासणारा कारकून, तर महिनाभर मागे बसणं ही चैन आहे. काही कारकुनांसोबत दोन-दोन तासांच्या बैठका पुरतात. खोलीत एकाच्या कामाकडे दुसऱ्याचं लक्ष असेल, तर आधी गप्प बसून बघा. कोण कोणाचं ऐकतंय हे नोंदींतून दिसलं, की मग एकेकाच्या स्क्रीनसाठी इन्क्वायरी लावता येते. उलट क्रमाने गेलात, तर प्रत्येकाचा स्क्रीन सुरेख होतो आणि मधली तिरकी पट्टी गायब झालेली असते.