घशात पाणी आलं का?

मोतीबिंदूच्या शिबिरात हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो. आजी खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या असतात. डोळ्यात बधिरीचा थेंब पडलेला असतो. नाकाजवळच्या कोपऱ्यात बोथट तोंडाची बारीक सुई लावून तंत्रज्ञ सिरिंजमधलं सलाइन हळूच ढकलतो आणि विचारतो, "घशात पाणी आलं का?" बहुतेक जण आवंढा गिळतात आणि चेहरा वाकडा करून सांगतात, "हो, खारट लागतंय." त्यांची सुटका होते. एखादीच्या बाबतीत मात्र पाणी घशात न उतरता डोळ्यातूनच परत येतं, कधी पांढरा चिकट पू घेऊन. मग मोतीबिंदू कितीही पिकलेला असला तरी त्या दिवशी ऑपरेशन होत नाही. नातेवाईक चिडतात. "डोळ्याला दिसत नाही म्हणून आणलं, तर हे नाकाचं काय काढून बसले?"

डॉक्टर नाकापर्यंत का जातात, हे समजायला अश्रूंची वाट बघावी लागेल.

अश्रू तयार होतात वर, भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली असलेल्या ग्रंथीत आणि पापण्यांच्या आतल्या अस्तरातल्या छोट्या छोट्या ग्रंथींमध्ये. रडू येत नसतानाही मिनिटाला साधारण 1 ते 2 मायक्रोलिटर पाणी पाझरत असतं, म्हणजे एक मिलिलिटर जमायला आठ ते सतरा तास लागतील इतकं. त्यातलं थोडं हवेत उडून जातं. बाकीचं खालच्या पापणीच्या काठाने नाकाकडे सरकतं. आरशात बघून खालची पापणी किंचित बाहेर ओढली, तर नाकाकडच्या टोकाला टाचणीने टोचल्यासारखं एक भोक दिसतं. रुंदी जेमतेम 0.3 मिलिमीटर. तसंच एक वरच्या पापणीवर. तिथून सुमारे 10 मिलिमीटर लांबीच्या दोन नळ्या निघतात आणि नाकाच्या मुळाशी हाडाच्या खोबणीत बसलेल्या अश्रुपिशवीत उघडतात. पिशवीच्या खाली मोठी नळी हाडातून उतरत नाकपुडीच्या आत, तळाशी पोहोचते. नाकातून घशात जायला वाट मोकळीच असते. रडताना नाक का ओढावं लागतं आणि डोळ्यात टाकलेलं औषध घशात कडू का लागतं, दोन्हीचं उत्तर हेच.

हे पाणी केवळ उतारामुळे वाहत नाही. दर उघडझापेला पापणीचा गोल स्नायू आवळतो आणि त्या नळ्यांवर, पिशवीवर दाब-ढील होऊन पाणी ओढलं जातं. डोळ्याचा हातपंपच म्हणा. म्हणून नळी अगदी स्वच्छ असली तरी पापणी सैल पडली की डोळा गळतो. वयानुसार खालची पापणी बाहेर लोंबते, भोक डोळ्यापासून सुटतं. चेहऱ्याचा लकवा झाला तर स्नायूच थंडावतो. उलट पापणी आत वळली तर केस बुबुळावर घासतात आणि त्या खुपण्याने पाणी येतं. (पडदा आणि त्यावरचे केस, दोन्हींना मराठीत 'पापणी' म्हणायची सवय असल्यामुळे दवाखान्यात या तक्रारीचा हमखास घोळ होतो.) एके काळी केस आत वळण्याचं मोठं कारण खुपरी (ट्रॅकोमा हा डोळ्याचा संसर्ग) हे होतं. खुपरी ही भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024मध्ये मान्य केलं.

तेव्हा डोळा गळतोय याचे अर्थ दोनच: पाणी जास्त बनतंय किंवा निचरा होत नाही. यातलं पहिलं फार फसवं आहे. डोळे कोरडे पडलेल्या माणसाचाही डोळा गळतो! रोजचा पातळ थर टिकत नाही, बुबुळ उघडं पडतं, चुरचुरतं आणि ग्रंथी घाबरून एकदम लोंढा सोडते. अशा माणसाला पाणी थांबवायला डोळ्यात आणखी ओलावा घाला म्हटलं की तो डॉक्टरकडे संशयाने बघतो.

दोन्हींतला फरक करायला एक साधी, सुंदर तपासणी आहे. दोन्ही डोळ्यांत फ्लुरोसिन हा पिवळा रंग लावायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. ज्या बाजूचा रंग तसाच साचून राहिला, तिथला निचरा मंद. पुढचं काम सुईचं. खालच्या भोकातून घातलेलं पाणी त्याच भोकातून उलटलं तर अडथळा सुरुवातीच्या बारीक नळीत आहे. वरच्या भोकातून बाहेर आलं तर तो पुढे आहे, आणि सोबत शेंबडासारखा चिकट द्रव किंवा पू असेल तर पिशवीच्या खाली. घरातल्या मोरीचं पाणी कुठे तुंबलंय हे प्लंबर ज्या तर्काने शोधतो, तोच हा तर्क.

तान्ह्या बाळांचा प्रकार वेगळा. नळीच्या नाकाकडच्या टोकाला जन्माआधी एक पातळ पडदा असतो. काही बाळांचा तो वेळेत फुटत नाही, मग एक डोळा सतत ओला, सकाळी चिकटलेला. घरातले काजळ, दूध, कसले कसले थेंब घालू पाहतात. यातलं काहीही घालू नये. करायचं ते बोटाने: हात धुऊन, नख कापून, नाक आणि डोळ्याच्या कोपऱ्यात दाबून बोट खाली ओढायचं, म्हणजे पिशवीतल्या पाण्याच्या दाबाने पडदा फुटतो. डॉ. क्रिग्लर यांनी 1923मध्ये सांगितलेली ही मालीश आजही पहिला उपाय आहे. बहुतेक बाळांची नळी पहिल्या वाढदिवसापर्यंत उघडते. उरलेल्यांना भूल देऊन बारीक सळई फिरवतात. मात्र बाळ उजेडाला डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ धुरकट किंवा मोठं दिसत असेल, तर मालिशीत दिवस घालवू नयेत. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो.

मोठेपणी नळी बंद होते ती बहुधा हळूहळू, आतल्या सुजेने, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. कोपऱ्यावर बोट दाबलं की पू वर येतो. लोक याला नासूर म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्याच्या नऊ रोगांत 'पूयालस' आहे, त्याचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं. कधी तिथे लालबुंद, ठणकणारी गाठ येते. ती पिळू नये. अशा वेळी डॉक्टरही सुई घालत नाहीत, आधी अँटिबायोटिक देतात. दुखत नसलेली, कडक, कोपऱ्यात पापण्यांना हाडाशी बांधणाऱ्या आडव्या दोरीच्याही वर वाढणारी गाठ किंवा रक्ताळलेले अश्रू असतील तर स्कॅन हवाच. तिथे कर्करोगही होतो.

शिबिरातल्या आजींना परत पाठवलं ते या पुवामुळे. मोतीबिंदूसाठी डोळा उघडला आणि शेजारच्या पिशवीतले जंतू आत शिरले, तर येणार ती नजरही जाते.

बंद नळी पुन्हा उघडण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही, बायपास करतात. फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती यांनी 1904मध्ये ही वाट दाखवली. नाकाच्या बाजूला लहान छेद घेऊन मधल्या हाडाला खिडकी पाडायची आणि पिशवी थेट नाकात उघडायची. 1921मध्ये फ्रान्समधल्या द्युपुई-द्युताँ आणि बुर्गे यांनी पिशवी आणि नाकाचं अस्तर एकमेकांना शिवायची सुधारणा केली, तेव्हापासून खिडकी बुजण्याचं प्रमाण घटलं. हेच डीसीआर (डॅक्रिओसिस्टोरायनोस्टॉमी) नावाचं ऑपरेशन. दहांतल्या नऊ जणांना गुण येतो. आता दुर्बिणीने नाकातूनही करतात, मग चेहऱ्यावर व्रण नाही. जागेपणी केलं तर हाड कुरतडल्याचा आवाज रुग्णाला ऐकू येतो, हे आधी सांगितलेलं बरं. फार थकलेल्या माणसाची पिशवीच काढून टाकतात; डोळा थोडा गळत राहतो, पण पू संपतो.

डोळा आणि नाक यांच्यामधलं हाड पातळ असतं; त्याची दुसरी बाजू आपण 2021मध्ये पाहिली. ज्या खोबणीत डोळा बसतो तिची नाकाकडची भिंत कागदासारखी असते, शरीरशास्त्रात तिचं नावच 'कागदी पत्रा' अशा अर्थाचं आहे. महाराष्ट्रभर कोविडनंतर म्युकरची बुरशी सायनसमधून ही भिंत ओलांडून डोळ्यामागे गेली, विशेषतः साखर आवाक्याबाहेर गेलेल्या रुग्णांत. अचानक पापणी पडणं, डोळा पुढे येणं, दोन-दोन दिसणं या तक्रारी आजही थांबायच्या नसतात, त्याच दिवशी दाखवायच्या असतात.

राहिला घशातला कडूपणा. बाटलीचा एक थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा, आणि डोळ्यात मावतं फार तर 30. म्हणून दुसरा थेंब गालावरच जातो. काचबिंदूचं टिमोलॉल हे औषध नाकातून रक्तात उतरलं तर दमेकऱ्याला धाप लागू शकते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरावा. बोट बरोबर जागी असलं की घशात कडू लागत नाही.