पिनियनचा कोन म्हणजे नक्की कुठला? वेगवान पिकअपच्या शाफ्टमधल्या थरथरीची पार्श्वभूमी

ताशी ९५ किलोमीटरला सीटखालून गुरगुर सुरू होते, ११० ला आरशातलं चित्र पुसट होतं आणि १२५ च्या पुढे सगळं बऱ्यापैकी शांत. वेगवान पिकअपवाल्याने ही तक्रार कुठेही मांडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फेरा नेणारी लांब नळी) बॅलन्स केला का?' दुसरा सल्लाही ठरलेला: 'पिनियन उणे दोनवर ठेव.' म्हणजे शाफ्टच्या मागच्या टोकाला जोडलेल्या छोट्या गिअरचं तोंड दोन अंश खाली झुकव. हा दुसरा सल्ला कुठून आला, हे सांगण्यासाठी हे टिपण.

फार मागे जायची गरज नाही. दोन काट्यांमध्ये एक क्रॉस बसवून वाकड्या रेषेत फेरा पोचवायची युक्ती सोळाव्या शतकातल्या एका इटालियन गणितज्ञाच्या नावावर खपते. या जोडाचा दुसरा दांडा एकसारख्या वेगाने फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो, हे सतराव्या शतकात लंडनमध्ये दाखवलं गेलं. १९०३ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने मोटारीसाठी बंदिस्त जोडाचं पेटंट घेतलं आणि साखळीने चाकं फिरवायचे दिवस भरत आले. तरी अमेरिकेतल्या काही पिकअपमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शाफ्ट एका जाड नळीत बंद असायचा आणि मागच्या हाऊसिंगचा (मागच्या ॲक्सलच्या लोखंडी खोळीचा, ज्यात पिनियन असतो) पीळ ती नळी झेलायची. नळी गेली, शाफ्ट उघडा पडला आणि पीळ कमानपाट्यांच्या अंगावर आला. पुढचा सगळा घोळ त्या पाट्यांपासून सुरू होतो. (आपल्याकडे गॅरेजात याला सरळ 'प्रोपेलर' म्हणतात आणि 'क्रॉस गेला' एवढ्यात निदान संपतं.)

पिकअप मुद्दाम वेगासाठी बनवायची लाट १९९० च्या आसपास आली. १९९० चा शेव्हरोलेचा ४५४ एसएस हा छोट्या केबिनचा, ७.४ लिटर इंजिनाचा ट्रक. १९९१ मध्ये चारही चाकांना जोर देणारा, टर्बो लावलेला जीएमसीचा सायक्लोन आला. १९९३ मध्ये फोर्डचा पहिला लाइटनिंग आला, त्यात ॲल्युमिनियमचा शाफ्ट आणि ४.१० चं मागचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे. १९९९ ते २००४ चा दुसरा लाइटनिंग मात्र या विषयाची शाळाच ठरला, आणि मला तोच जवळून माहीत असल्यामुळे इथे त्याला झुकतं माप आहे. ५.४ लिटर, सुपरचार्जर, सुरुवातीला ३६० आणि २००१ पासून ३८० अश्वशक्ती. त्याच वर्षी मागचं गुणोत्तर ३.५५ वरून ३.७३ झालं.

हा बदल कागदावर किरकोळ वाटतो. पण २९५/४५ चे १८ इंची टायर धरले तर ताशी ११० ला चाक सेकंदाला साधारण १३.७ फेरे घेतं आणि ३.७३ ने शाफ्ट ५१. म्हणजे मिनिटाला तीन हजारांच्या थोडं वर. मालकाने आणखी चपळाईसाठी ४.१० टाकलं की त्याच वेगाला शाफ्ट १० टक्के जास्त फिरतो, पण जोडाच्या कोनातून येणारा हादरा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २० टक्क्यांनी. कालपर्यंत गप्प असलेला कोन गिअर बदलल्यावर बोलायला लागतो तो यामुळे. दोष मात्र नव्या गिअरवर जातो.

आता तो शब्द. 'पिनियन अँगल' म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. एक, पिनियनची रेषा जमिनीशी किती कलली आहे. दोन, पिनियन आणि शाफ्ट यांच्यातला कोन, म्हणजे मागच्या क्रॉसला प्रत्यक्ष सोसावा लागणारा. तीन, पिनियनची रेषा आणि गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाची रेषा यांतला फरक. कोन दाखवणारं चुंबकी मीटर चिकटवलं की पहिला आकडा लगेच मिळतो. दुसऱ्यासाठी एक वजाबाकी करावी लागते आणि तिसऱ्यासाठी गाडीखाली पुढे सरकून गिअरबॉक्सही मोजावा लागतो. माणूस पहिल्यावरच थांबतो, यात नवल नाही.

'उणे दोन' हा सल्ला तिसऱ्या अर्थाचा आहे आणि तो ड्रॅग शर्यतीच्या पट्टीवरून आला. तिथे तो चूक नव्हता. लाइटनिंगमध्ये इंजिनाचा पीळ ६१० न्यूटन-मीटर, पहिला गिअर २.७१. टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पुढे बसणाऱ्या, सुटताना पीळ वाढवणाऱ्या भागाची) वाढ न धरताही शाफ्टवर साडेसोळाशे न्यूटन-मीटर येतात आणि हाऊसिंगला मागे फिरवणारा पीळ त्याच्या ३.७३ पट. कमानपाटे इंग्रजी एस सारखे वळतात आणि पिनियनचं तोंड वर उचललं जातं. ते उचललं गेल्यावर गिअरबॉक्सशी समांतर यावं म्हणून उभ्या गाडीत दोन अंश खाली ठेवायचं. पाव मैलाच्या शर्यतीत गाडी पूर्ण वेळ जोरात असते, म्हणून हे बसतं. महामार्गावर एका लयीत चालणाऱ्या ट्रकमध्ये पाटे जवळपास सरळच असतात. मग ते दोन अंश भरपाई न करता तसेच उरतात.

कागदावर मांडून बघू. गिअरबॉक्स मागच्या बाजूला ३ अंश खाली. पिनियनचं तोंड मुळात ३ अंश वर, म्हणजे दोघे समांतर. आता मालकाने गाडी बसकी केली, तीही मागच्या शॅकल (पाट्याचं मागचं टोक चौकटीला जोडणाऱ्या पट्ट्या) बदलून. पाट्याचं मागचं टोक चौकटीच्या जवळ आलं, हाऊसिंग थोडं फिरलं आणि तोंड ३ वरून १ अंशावर आलं. शाफ्टचा उतार साडेतीन. पुढच्या क्रॉसचा कोन अर्धा अंश, मागच्याचा अडीच. हे एकमेकांना खोडत नाहीत, म्हणून गुरगुर. उपाय पाटा आणि हाऊसिंग यांच्यामध्ये दोन अंशांची पाचर, तोंड वर करणारी. पण मालकाने 'उणे दोन' वाचलेलं असतं आणि मीटरवर 'अधिक एक' दिसतं. तो तीन अंशांची पाचर उलटी ठोकतो. मागचा कोन साडेपाच. कोनांचे वर्ग घेऊन मोजला तर उरलेला असमतोल मूळ बिघाडाच्या पाचपट. त्यानंतर शाफ्ट बॅलन्सला जातो, 'ठीक आहे' म्हणून परत येतो आणि बॅलन्स करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे 'उणे दोन'वाल्यांचं म्हणणंही नोंदवायला हवं. त्यांच्या मते जोरात सोडताना होणारी धडधड क्रॉस मोडते, ती आधी सांभाळावी, प्रवासातली थोडी थरथर सोसावी. आठवड्यातून एकदा पट्टीवर जाणाऱ्याला हे पटेल. रोज कामावर जाणाऱ्याला कसं पटावं? शिवाय पाटे वळत असतील तर वळण थांबवणारे दांडे मिळतात. कोन बिघडवून पाट्यांची कमजोरी झाकायची हा मला कधीच पटलेला मार्ग नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेला ढोबळ नियम एवढाच: प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत, दोघांतला फरक एकाच्या आत आणि कोन अगदी शून्यही नको. शून्यावर क्रॉसच्या सुया जागच्या हलत नाहीत आणि बेअरिंगला खाचा पडतात. मोजताना चाकांवर वजन हवं. दोन खांबांच्या लिफ्टवर लटकत्या हाऊसिंगचे आकडे कितीही नीट लिहिले तरी बिनकामाचे.

ॲल्युमिनियमबद्दलचा समज थोडक्यात. हलका म्हणून त्याला जास्त वेग झेपतो असं म्हणतात. खरं तर ताठपणा भागिले घनता हा आकडा पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचा जवळपास सारखा आहे. तेवढ्याच लांबी-व्यासाची नळी दोन्ही धातूंत साधारण एकाच वेगाला उडीच्या दोरीसारखी फुगते. फायदा असा की ॲल्युमिनियममध्ये त्याच वजनात नळी जाड व्यासाची करता येते, आणि व्यास वाढला की तो वेग वाढतो. लांबीचा मात्र वर्ग लागतो. म्हणून मोठ्या केबिनच्या ट्रकमध्ये शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग देतात आणि तिसऱ्या क्रॉसचा हिशेब वाढतो.

निदानाची पद्धत फारशी बदललेली नाही. थरथरीच्या वेगाला न्यूट्रल करायचं. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनाचा नाही. मग वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती हादरे: ११० ला १४ च्या आसपास असेल तर टायर, ५१ असेल तर शाफ्टचा बॅलन्स किंवा फ्लँजचा (शाफ्ट जिथे बोल्टने बसतो त्या चकतीचा) वाकडेपणा, १०२ असेल तर कोन. पूर्वी यासाठी थरथरणाऱ्या पात्यांचं छोटं यंत्र डॅशबोर्डवर ठेवत, आता फोन ठेवतात. फोन सेकंदाला शंभरच नोंदी घेत असेल तर १०२ चा हादरा त्याला दिसत नाही, किंवा भलत्याच जागी दिसतो. त्यामुळे कोनाचा दोष पुन्हा निसटतो आणि बोट बॅलन्सकडेच जातं.

५१ निघाली तर आधी शाफ्ट फ्लँजवर अर्धा फेरा फिरवून बसवायचा. फुकटातला हा उपाय कित्येकदा पुरतो. नाही पुरला तर होज क्लिप. मागची चाकं काढून हाऊसिंग स्टँडवर ठेवायचं, नळीच्या मागच्या टोकाला खडूने चार खुणा. एक क्लिप आवळून तिचा स्क्रू एकेका खुणेवर आणायचा आणि दर वेळी त्याच वेगाला शाफ्ट फिरवून बघायचा. सगळ्यात कमी थरथर जिथे, तिथे दुसरी क्लिप आणि मग दोन्ही स्क्रू थोडे थोडे लांब करत जायचं. फिरत्या शाफ्टच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. क्लिप सुटली तर ती गोळीसारखी येते.

पुढच्या ट्रकांनी भांडणाचं स्वरूप बदललं. २०२१ चा फोर्डचा रॅप्टर आणि रॅमचा ७०२ अश्वशक्तीचा टीआरएक्स या दोघांच्या मागे कमानपाटे नाहीत, पाच दांडे आणि कॉइल स्प्रिंग आहेत. पीळ दांडे झेलतात, पाचर ठोकायला जागाच नाही. कोन बदलायचा तर कमी-जास्त लांबीचे दांडे घ्यायचे. पण चाक वर-खाली जाताना कोनही बदलतो, त्यामुळे आता 'कुठल्या उंचीवर मोजलास?' हा चौथा प्रश्न आला आहे. आणि २०२२ मध्ये लाइटनिंग नावाने निघालेल्या विजेच्या पिकअपमध्ये पुढे एक मोटर, मागे एक. मध्ये शाफ्टच नाही. जुन्या लाइटनिंगसाठी मात्र दोन अंशांच्या पाचरी अजून विकल्या जातात आणि त्या कुठल्या बाजूने ठोकायच्या यावर अजून वाद होतात.