पार्श्वभूमी : नाट्येतिहासाचा वर्ग आणि आभासी रंगमंच

नाट्येतिहास शिकवताना संहिता हाती असते, छायाचित्रे असतात, क्वचित पदांचे ध्वनिमुद्रणही मिळते. परंतु नट कोठे उभा राहत असे आणि त्याचा आवाज कोठवर पोहोचत असे, हे ज्या वास्तूने ठरवले ती बहुधा नाहीशी झालेली असते. कोल्हापूरला ही उणीव ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री प्रत्यक्ष भोगावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, गायक नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आगीत सापडले. पुनर्बांधणीने शहराला नाट्यगृह मिळेल. जुनी वास्तू विद्यार्थ्यांना कशी अनुभवता येईल, हा प्रश्न वेगळा आहे, आणि आभासी वास्तवाच्या (व्हर्च्युअल रिॲलिटी) तंत्राकडे पाहायचे ते त्यासाठी.

या तंत्राचा आरंभ रंगभूमीपासून दूर झाला. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये तयार केलेले, डोक्यावर घालायचे दृश्ययंत्र छताला टांगावे लागे आणि त्यातून केवळ रेषाकृती दिसत. नाट्येतिहासात त्रिमितीय प्रतिकृतींचा पद्धतशीर वापर १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुजू लागला. वॉरिक विद्यापीठातील रिचर्ड बीचम यांच्या पुढाकाराने ‘थिएट्रॉन’ प्रकल्पात प्राचीन ग्रीक-रोमन काळापासूनची युरोपीय नाट्यगृहे संगणकावर उभी राहिली, आणि पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात हेच काम ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात नेण्यात आले. मोबाइल बसवून डोळ्यांना लावायच्या गुगलच्या पुठ्ठ्याच्या ‘कार्डबोर्ड’ या साधनामुळे २०१४ पासून साधा मोबाइलही वर्गात या कामी येऊ लागला.

माझ्या मते या वाटचालीतील सर्वांत मोलाची गोष्ट यंत्राची नसून शिस्तीची आहे. २००६ मध्ये आकारास आलेल्या ‘लंडन सनदे’ने असा आग्रह धरला की, संगणकीय पुनर्रचनेत पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात मध्यम विकृष्ट (मध्यम आकाराच्या आयताकृती) नाट्यमंडपाचे माप ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे स्पष्ट दिले आहे, पण मत्तवारणी (रंगपीठाच्या बाजूचा खांबांचा भाग) नेमकी कोठे असावी याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एकच देखणा मंडप दाखवला तर हा वाद विद्यार्थ्यांपासून लपतो. वेगवेगळ्या मतांप्रमाणे उभारलेल्या रचनांत त्यांना फिरू दिले, तर वादाचे कारण त्यांना स्वतः तपासता येते.

कोल्हापूरच्या बाबतीत खरी कसोटी ध्वनीची आहे. केशवरावांनी १९०८ मध्ये हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी स्थापन केली, तेव्हा गायक नटाची सारी भिस्त स्वतःच्या गळ्यावर आणि नाट्यगृहाच्या रचनेवर असे. त्यामुळे केवळ खुर्च्या आणि कमानी दाखवणारी प्रतिकृती संगीत नाटकाचा निम्मा इतिहास सांगेल. रिकाम्या सभागृहात क्षणिक, तीव्र आवाज करून त्याचे विरत जाणे नोंदवले, तर त्या जागेचा घुमारा संगणकावर पुन्हा ऐकवता येतो. जळालेल्या प्रेक्षागृहात असे मोजमाप आता शक्य नाही. नकाशे, छायाचित्रे आणि तेथील प्रयोगांची जुनी ध्वनिमुद्रणे यांवरून गणित मांडावे लागेल, आणि ते अनुमान असल्याची नोंद प्रतिकृतीतच हवी. जी जुनी नाट्यगृहे दक्षिण महाराष्ट्रात आजही उभी आहेत, त्यांचे लेझर मापन आणि ध्वनिनोंदणी मात्र शिवाजी विद्यापीठातील संगीत व नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आताच हाती घेता येईल.