रियाजाचे तास आणि ऐकणारा कान

नागपुरात धरमपेठेत असो की महाल भागात, तबला-सतारीच्या क्लासला मूल घालताना पालक हमखास विचारतात, "रोज किती वेळ बसवायचं?" हा प्रश्न संगीताचा क्लास निघाल्यानंतरचा आहे. त्याआधी तो विचारायची वेळच येत नसे.

घराण्यांच्या काळात शिष्य गुरूच्या घरी राहायचा, घरची कामं करायचा आणि उरलेला वेळ वाद्यावर. १९३८ मध्ये रविशंकर मैहरला अल्लाउद्दीन खाँकडे गेले, ते अशाच तालमीसाठी. चाळीस दिवसांचा चिल्ला म्हणजे एकांतातला अखंड रियाज, पहाटेपासूनची बैठक, या कहाण्या आपण चवीने सांगतो. त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. रियाज चालू असताना गुरू घरातच असायचा. बोट चुकलं की आतून हाक यायची, त्यामुळे चूक हातात बसायच्या आधीच मोडली जाई.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शिकण्याची जागा बदलली. भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत छापल्या. १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं, पुढे प्रारंभिक ते विशारद अशा परीक्षा गावोगावी पोहोचल्या. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे वसंतराव देशपांडे शिकले, सी. रामचंद्रही शिकले. ज्यांच्या घरात गाण्याची परंपरा नव्हती अशा मुलामुलींना दार उघडलं, हे या शाळांचं मोठंच काम. पण क्लास आठवड्यातून दोन-तीन दिवस. बाकीचे दिवस विद्यार्थी घरी एकटा. गुरूचा कान गेला आणि त्याच्या जागी घड्याळ आलं, असं माझं मत आहे.

त्यात परीक्षेचं एक सत्र एप्रिल-मेमध्ये. नागपुरात तेव्हा पारा पंचेचाळिशीकडे. कोरड्या हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणून सूर चढतो आणि कूलरच्या घरघरीत तानपुरा ऐकू येत नाही. म्हणून पहाटे, कूलर लावायच्या आत बसणं, ही इथली सवय कुठल्या शास्त्रातून आलेली नाही!

शास्त्राने या प्रश्नात हात घातला तो १९९३ मध्ये. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा सराव तपासला. त्यातून 'दहा हजार तास' तेवढे गाजले. ती सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, पास होण्याची अट नव्हे. मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच: ही मुलं सलग रेटत नव्हती, बैठकींच्या मध्ये विश्रांती घेत होती. आणि एरिक्सन यांचा भर होता नेमकी उणीव हेरून तेवढ्यावरच काम करण्यावर. कायदा (तबल्याची बांधीव रचना) आधी ठायीत, म्हणजे संथ लयीत, पक्का कर, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत, अडलेला बोल सुटा काढून घोट, असं आपले गुरुजी सांगत आलेत ते याहून फार वेगळं नाही.

यंत्रांनी सोबत दिली. बंगळुरूत १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला, पुढे तालयंत्रं आली, आता सगळंच मोबाइलमध्ये आहे. पण तानपुरा सूर देतो, चूक सांगत नाही. ते काम थोडंफार रेकॉर्डिंग करतं. २०२० च्या टाळेबंदीत क्लास बंद पडले तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या क्लिप व्हॉट्सअॅपवर सरांकडे जाऊ लागल्या, अजूनही जातात. मुलं त्यातली बरी जमलेली तेवढी पाठवतात आणि बाकीच्या पुसून टाकतात. सरांना खरं तर त्याच ऐकायच्या असतात.