तोफेतून उडालेल्या सर्किटची गोष्ट

रॉकेटमध्ये किंवा इंजिनाला लागून सर्किट बोर्ड बसवायचाय म्हटलं की लोक लगेच सांगतात, इपॉक्सी (सुकून टणक होणारं राळ) ओता, जड कपॅसिटर चिकटवून टाका, सगळं जमेल तेवढं छोटं ठेवा. यातल्या बऱ्याच गोष्टींचा कस दुसऱ्या महायुद्धातल्या प्रॉक्झिमिटी फ्यूजमध्ये लागला होता. हा म्हणजे गोळ्याच्या टोकात बसवलेला पिटुकला रेडिओ, विमानावर आपटून परत आलेल्या लहरी मिळाल्या की गोळा तिथेच फोडायचा.

मूळ कल्पना ब्रिटिशांची, 1940 मध्ये टिझार्ड मिशन या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पथकाबरोबर अमेरिकेत गेली आणि तिथे भौतिकशास्त्रज्ञ मर्ल ट्यूव यांच्या सेक्शन टी या संशोधन गटाने ती तडीस नेली. पण ट्रान्झिस्टर तेव्हा नव्हताच, वापरायच्या त्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबा, आणि तोफ डागली की सगळ्यावर जवळपास 20,000 जी, गुरुत्वाकर्षणाच्या 20,000 पट जोर! म्हणजे 1 ग्रॅमचा पार्ट त्या क्षणी 20 किलोसारखा दाबतो, वर गोळा मिनिटाला 25 हजारांच्या आसपास फेरे घेतो ते वेगळंच. मग श्रवणयंत्रातल्या बारक्या ट्यूबांवर काम सुरू झालं, कारण वस्तुमान कमी तर भारही कमी. तरी फिलामेंट (ट्यूबमधली तापणारी बारीक तार) तुटायचं, तेव्हा जेम्स व्हॅन ॲलन (हो, पृथ्वीभोवतीच्या रेडिएशन बेल्टवालेच) यांनी त्याला ताणून धरणारी छोटी स्प्रिंग काढली, तिला माउसट्रॅपच म्हणायचे.

मला सगळ्यात भारी वाटते ती बॅटरी. इलेक्ट्रोलाइट काचेच्या कुपीत वेगळं ठेवलेलं, तोफेच्या धक्क्याने कुपी फुटायची आणि गोळा फिरतोय म्हणून द्रव आपोआप प्लेटांमध्ये पसरायचा. ज्या धक्क्याची धास्ती, त्यालाच कामाला लावलं!

जानेवारी 1943 मध्ये यूएसएस हेलेनाने या फ्यूजने पहिलं जपानी विमान पाडलं, आणि युद्ध संपेपर्यंत असे 2 कोटींहून जास्त फ्यूज बनले. मॉर्टरच्या (उखळी तोफेच्या) गोळ्यात तर जागा आणखीच कमी, म्हणून मिलवॉकीच्या सेंट्रालॅबने सिरॅमिकच्या चकतीवर चांदीच्या शाईने कनेक्शन छापली, रेझिस्टरसुद्धा छापलेच, म्हणजे लोंबकळणाऱ्या वायरींचा प्रश्नच मिटला.

पण एक लक्षात घ्या, तोफेचा धक्का एकदाच बसतो, तोही काही मिलिसेकंद. इंजिनावरचा बोर्ड तासन्‌तास थरथरत असतो, प्रत्येक वेळी थोडा वाकतो आणि सोल्डर थकत थकत एक दिवस तडकतो. तिथे कडक इपॉक्सी डोळे झाकून ओतलं तर गरम-थंड होताना तेच कपॅसिटर फोडतं. म्हणून बोर्डाची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी (धक्का दिला की तो ज्या गतीने स्वतःहून थरथरतो ती) त्याच्या डब्याच्या फ्रिक्वेन्सीच्या निदान दुप्पट ठेवा असा जुना नियम आहे, आणि त्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बोर्डाच्या मध्यावर एक जास्तीचा स्क्रू, जो लेआउट पूर्ण झाल्यावर आठवला तर नेमका तिथे प्रोसेसर बसलेला असतो.